शांघायची रबरी टायरवरची ट्राम का बंद पडली?

पूर्व शांघायमधल्या झांगजियांग हायटेक पार्कातली ही ट्राम. 2010 च्या सुरुवातीला धावू लागली, 2023 मध्ये बंद झाली. लांबी जेमतेम 10 किमी, थांबे 15. मेट्रो स्टेशनपासून ऑफिसपर्यंतचा शेवटचा टप्पा सोडवायचा, हा हेतू. तिकीट 2 युआन.

खरी मेख तंत्रज्ञानात होती. ट्रान्सलोर नावाच्या या फ्रेंच पद्धतीत गाडीचा भार रबरी टायरांवर असतो. रस्त्याच्या मधोमध एकच रूळ, आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरकी चाकं चिमट्यासारखी धरून गाडीला दिशा देतात. चढ आणि वळणं झकास घेते. पण टायर रोज त्याच पट्ट्यावरून फिरतात, त्यामुळे रस्ता तिथेच दबतो. शिवाय बनवणारी कंपनी एकच! मूळ लोर कंपनी अडचणीत आल्यावर 2012 मध्ये रेल्वेगाड्या बनवणाऱ्या अल्स्टॉम कंपनीने भागीदारीत हा धंदा घेतला, पुढे नव्या गाड्या बनणंच थांबलं. मग सुटे भाग आणायचे कुठून?

त्यात सिग्नलला थांबत रखडणारी ट्राम आणि परिसरात वाढलेली मेट्रो. तियानजिनची अशीच ट्रामही 2023 मध्येच गेली. माझ्या मते झांगजियांगमध्ये साध्या बसनेही भागलं असतं.