आधी काच बघा, मग आकडा

प्रश्न : पक्ष्यांचे फोटो काढायची आवड लागली आहे. सांगलीतले एक लग्नाचे फोटोग्राफर निकॉन डी7200 बॉडी आणि 70-300 व्हीआर (हाताचा कंप सावरणारी) लेन्स विकतायत. शटर काउंट, म्हणजे आजवर झालेले क्लिक, फक्त 38 हजार आहे म्हणतात. आकडा कमी म्हणजे कॅमेरा चांगला, असं धरून पैसे पाठवू का? जाऊन बघायचं तर नेमकं काय बघू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, फोनवर हो म्हणू नका. सांगलीला जाऊनच या, आणि सकाळच्या उजेडात बघा.

डी7200 चं शटर कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, त्या मानाने 38 हजार कमीच. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये हा आकडा लिहिलेला असतो. स्वतःचं कार्ड न्या, एक फोटो काढा आणि त्यावरून खात्री करून घ्या. पण हा कॅमेरा आला 2015 साली, आणि एका लग्नात हजार-दीड हजार क्लिक सहज होतात. म्हणजे जेमतेम तीस-पस्तीस लग्नं झाली. मग बाकीची वर्षं कॅमेरा कुठे होता? व्हिडिओला लावला असेल तर तासन्‌तास चालूनही आकडा फारसा हलत नाही. मेन बोर्ड बदलला असेल तर मोजणी नव्याने सुरू झालेली असू शकते. किंवा कपाटात नुसता पडून असेल. सरळ विचारा. फ्लॅश जिथे बसवतात त्या हॉट शूवर नजर टाका. तिथला काळा रंग उडून धातू चकाकत असेल, तर कॅमेऱ्याने आकड्यापेक्षा जास्त मांडव पाहिलेत.

सांगली वाचल्यावर मला मात्र आधी 2019 चा ऑगस्ट आठवला. मी कोल्हापुरात गेली तेवीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करतो. त्या पुरानंतर लोक पिशव्या भरभरून कॅमेरे घेऊन आले. काही मी उघडून वाळवले, साफ केले, चालू करून दिले. त्यातले बरेच चार-सहा महिन्यांत परत आले. पाणी निघून जातं, पण बारीक गाळ आत राहतो आणि दमट हवेत बोर्डावरचं सोल्डरिंग खात बसतो. पुढच्या वर्षी एक मुलगा नुकताच घेतलेला जुना कॅमेरा दाखवायला आला. बाहेरून लख्ख. अंगठा टेकतो तिथल्या रबराचं टोक मी चिमट्याने उचललं, तर खाली वाळलेल्या चिखलाची केसाएवढी रेघ. पहिल्या पगारातून साठवलेले पैसे होते त्याचे. मला त्याला ते सांगवेना, पण सांगावं लागलं.

म्हणून रबराच्या कडा, पट्टा अडकवायच्या कड्या, बॅटरीच्या कप्प्यातल्या पट्ट्या आणि तळाचे स्क्रू नीट बघा. हिरवट-पांढरी भुकटी, गंज किंवा गाळ दिसला तर आकडा पाचशे असला तरी परत फिरा. स्क्रूची खाच झिजलेली असेल तर कॅमेरा आधी कुणीतरी उघडलाय. तो दोषच असं नाही, पण कशासाठी उघडला ते कळायला हवं.

आता लेन्स. माझ्या मते तुमचा सगळा सौदा हिच्यावर ठरावा. या लेन्सला अॅपर्चरची रिंग नाही, त्यामुळे बॉडीवरून काढली की उजेड आत सोडणारी पाती मिटलेली असतात आणि आतलं काही दिसत नाही. लेन्स बॉडीला जिथे बसते त्या माउंटजवळ एक छोटी धातूची दांडी आहे. ती बोटाने हलकेच सरकवून धरा म्हणजे पाती उघडतील. दुसऱ्या हाताने मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा आणि पुढून बघा. धुळीचे चार कण दिसतीलच, त्यांनी फोटोला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटलेले दिसले, तर ते फंगस, म्हणजे बुरशी. काचेवर धुक्यासारखा पडदा असेल तर तेही वाईट. फंगस साफ करता येतं, मी रोज करतो, पण त्याने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर तो डाग कुणीही घालवू शकत नाही. मग दांडी सोडा. पाती चट्‌दिशी मिटली पाहिजेत. रेंगाळली तर त्यांवर तेल उतरलंय.

लेन्स बॉडीवर चढवून 300 वर न्या, बटण अर्धं दाबा. व्हीआर चालू असेल तर बारीक घरघर ऐकू येईल आणि व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थांबल्यासारखं होईल. शेवटी अॅपर्चर एफ/22 वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा, मुद्दाम फोकस सोडून, फोटो काढा आणि मोठा करून बघा. ठिपके म्हणजे बॉडीतल्या, फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरची धूळ, ती निघते. सरळ रेघ म्हणजे तिथला ओरखडा असू शकतो, मग घेऊ नका.

सगळं चांगलं निघालं तर जरूर घ्या, पक्ष्यांसाठी सुरुवातीला हे उत्तम आहे. पण चिपळूणच्या पावसाळ्यात बॅगेत बंद करून ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत ओलावा शोषणारं सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा 40 ते 50 टक्क्यांत राहू द्या. निळे खडे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरा.

प्रश्न : मामांचा निकॉन एफएम2, हा जुना रोलचा कॅमेरा, मिळालाय. उजेड मोजणारं मीटर चालत नाही, म्हणून दुकानदार भंगार म्हणतो. खरं आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. एफएम2 चं शटर पूर्ण यांत्रिक आहे. एका सेकंदापासून 1/4000 पर्यंत सगळं बॅटरीशिवाय चालतं, बॅटरी फक्त मीटरला लागते. आधी नवी बॅटरी घालून बघा, कप्प्यात पांढरं साचलं असेल तर ते पुसून. मग रोल नसताना मागचं दार उघडा, एक सेकंदावर क्लिक करा आणि घड्याळाशी ताडून बघा. दाराच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर तो बदलून घ्या, नाहीतर रोलवर उजेडाचे पट्टे येतील. हे काम स्वस्तातलं आहे. शटरच्या पातळ पात्यांना मात्र बोट लावू नका. त्यांवर उमटलेला दाब सरळ होत नाही.