बजरीगरला भुलीचं इंजेक्शन छातीत का देतात, पायात का नाही?

तुमच्या ३५ ग्रॅमच्या बजरीगर पोपटाच्या पंखावरची गाठ काढायचीय, डॉक्टर भूल छातीत देणार म्हणाले आणि सुई हृदयाला लागेल की काय, अशी तुम्हाला भीती वाटतेय. मी ठाण्यात जनावरांचा डॉक्टर आहे. ही भीती मला नेहमी ऐकू येते. छातीतच देऊ द्या.

पाखराच्या छातीच्या मधोमध उभं हाड असतं आणि दोन्ही बाजूंना उडण्याचे स्नायू, अंगातलं सगळ्यात जाड मांस. हृदय या हाडाच्या मागे, आतल्या बाजूला असतं. मी पिसांवर फुंकर घालतो, बोटाने हाड चाचपतो आणि इन्शुलिनची बारीक सुई तिरकी, जेमतेम टोचतो.

पायाची गोष्ट वेगळी. मांडी काडीएवढी, हे तर आहेच. पण पक्ष्यांमध्ये पायांकडून परतणारं रक्त अंगभर जाण्याआधी मूत्रपिंडांतून फिरू शकतं. वाटेत एक झडप असते. पाखरू घाबरलं, अॅड्रिनलिन सुटलं की ती उघडते आणि रक्त मूत्रपिंड टाळून पुढे जातं. मिटली की मूत्रपिंडांतून. जे औषध मूत्रपिंड थेट बाहेर टाकतं, त्याचा काही भाग मग वाटेतच बाहेर जातो. सगळ्या औषधांना हा फरक सारखा पडत नाही, पण त्या क्षणी झडप उघडी की मिटलेली, हे बाहेरून कळत नाही. भूल कमी वाटली म्हणून वर दुसरा डोस दिला आणि दोन्ही मिळून चढले, तर अंगात जेमतेम साडेतीन मिली रक्त असलेला जीव सावरणं फार कठीण.

म्हणून जमेल तिथे मी आयसोफ्लुरेन, म्हणजे श्वासातून चढणारी भूल, मास्कने देतो. ते हवं तेव्हा कमी करता येतं, टोचलेलं औषध परत काढता येत नाही. तुमच्या डॉक्टरांकडे ती सोय आहे का, विचारा.

त्याच सकाळी वजन करायलाही सांगा. मागे कोपरीहून एक मुलगी पाखरू पेढ्यांच्या खोक्यात घेऊन आली होती. आधी खोक्यासकट वजन केलं, मग रिकाम्या खोक्याचं. घरच्यांनी सांगितल्यापेक्षा ते ५ ग्रॅमनी कमी भरलं. माणसात ५ ग्रॅम म्हणजे काहीच नाही. इथे डोसाचा सातवा भाग चुकला असता.

धरताना छाती दाबू देऊ नका. पक्ष्याला माणसासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड पुढे सरकलं तरच श्वास आत जातो. घरी आणल्यावर एसी बंद ठेवा, पिंजऱ्यातली दांडी काढा, तळाशी मऊ रुमाल घाला. नीट उभं राहीपर्यंत पाण्याची वाटी आत ठेवू नका.