वाचकांचे प्रश्न : वेगाची हौस आणि हायब्रिड सेडान

प्रश्न : कामानिमित्त मी दर पंधरवड्याला चोर्ला घाटातून गोव्याला ये-जा करतो. जर्मन कंपन्यांच्या वेगवान सेडान आता हायब्रिड होऊ लागल्या आहेत. या गाड्यांना खरोखर भवितव्य आहे, की पेट्रोल आणि वीज यांच्या मधल्या काळातली ही तात्पुरती सोय आहे?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : या प्रकारातील दोन ठळक गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात आल्या आणि दोघींनी एकाच प्रश्नाचे अगदी वेगळे उत्तर दिले आहे. बीएमडब्ल्यूच्या एम-५ ने आपले ४.४ लिटरचे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन राखले, गिअरबॉक्समध्ये विजेची मोटर बसवली आणि एकूण ताकद ७२७ पीएसपर्यंत (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे माप) नेली. मर्सिडीज-एएमजीच्या सी-६३ ने मात्र आपले प्रसिद्ध व्ही-८ सोडून दोन लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन घेतले, मागच्या आसाशी स्वतंत्र मोटर जोडली आणि ६८० पीएस गाठले. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण पहिलीचे वजन २,४०० किलोच्या आणि दुसरीचे २,१०० किलोच्या वर गेले आहे. त्यामुळे नवी एम-५ शून्यातून शंभरचा वेग ३.५ सेकंदांत गाठते, तर केवळ पेट्रोलवर चालणारी तिची आधीची कॉम्पिटिशन आवृत्ती ३.३ सेकंदांत गाठत असे. शंभराहून अधिक पीएस वाढूनही गाडी कागदावर किंचित मंदावली.

आपल्यासारख्या घाटातून जाणाऱ्या माणसाने एकूण ताकदीपेक्षा ती किती वेळ टिकते हे पाहावे. सी-६३ च्या मोटरची २०४ पीएसची कमाल ताकद एका दमात सुमारे दहा सेकंद मिळते. सलग मिळते ती ९५ पीएस. बॅटरीही लहान, ६.१ किलोवॅट-तासांची आहे, आणि नुसत्या विजेवर ही गाडी जेमतेम १३ किलोमीटर जाते. हा दोष वाटेल, पण बॅटरी मुळात साठवणुकीसाठी नसून भराभर देण्याघेण्यासाठी केलेली आहे. चोर्ल्याच्या वळणांवर पुढच्या ट्रकमागे आपण रेंगाळतो, मोकळा तुकडा दिसताच पाय दाबतो, पुढच्या वळणावर पुन्हा ब्रेक लावतो. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावत असल्याने टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, जागा होईपर्यंतची पोकळी भरून निघते, आणि आधी खर्चलेल्या विजेचा काही भाग ब्रेक लावताना परत मिळतो. अशा रस्त्यावर या गाडीचे डोके चालते. सलग लांब चढावर मात्र ते दहा सेकंद लगेच संपतात आणि मग बॅटरी व मोटर हे सामान होऊन बसते.

एम-५ ची बॅटरी मोठी, १८.६ किलोवॅट-तासांची असल्याने कागदावर ती साठ किलोमीटरांहून अधिक विजेवर जाते; म्हणजे पायाला संयम असेल तर बेळगावहून खानापूरला जाऊन पेट्रोलला हात न लावता परत येता येईल. दोन कोटींची गाडी घेऊन असा संयम कोण पाळील, हा प्रश्न वेगळा.

आता भवितव्याविषयी. या गाड्या हायब्रिड झाल्या त्यामागे वेगाच्या हौसेइतकाच युरोपातील धुराचा हिशेब आहे. तेथील चाचणीत प्लग लावून भरायच्या गाडीला विजेवरच्या अंतराचे मोठे गुण मिळत, आणि त्यामुळे अवाढव्य इंजिनाची गाडीही कागदावर सोज्वळ दिसे. २०२५ पासून नव्या मॉडेलांसाठी ही मोजणी कडक झाली असल्याने त्या सवलतीची धार उतरू लागली आहे. दुसरीकडे, आवाज आणि सिलिंडर यांसाठीच पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने चार सिलिंडरची सी-६३ मनापासून स्वीकारली नाही. माझे मत असे की, मोठे इंजिन राखून त्याला मोटरची जोड देणारी वाट टिकेल आणि इंजिन लहान करून मोटरने भरपाई करणारी वाट या वर्गात टिकणार नाही. जोरासाठी मोटर जोडण्याची ही वाट पूर्वी एकदा फसली होती. होंडाने अमेरिकेत २००४ च्या अखेरीस व्ही-६ इंजिनाची अॅकॉर्ड हायब्रिड आणली होती. तिच्यात मोटरचा उपयोग बचतीपेक्षा जोरासाठी अधिक केला होता. हायब्रिड घेणाऱ्याला मायलेज हवे होते, जोर हवा असणाऱ्याला हायब्रिड नको होती, आणि २००७ च्या मॉडेलनंतर ती बंद झाली. आज जोर मागणारा गिऱ्हाईक मोटरला नाके मुरडत नाही, एवढा फरक पडला आहे.

प्रश्न : वीस-बावीस लाखांत मायलेज आणि दम दोन्ही देणारी हायब्रिड सेडान मिळेल काय? निपाणीहून कोल्हापूर जवळ आहे. कर कमी असल्याने तेथील नातेवाइकांच्या पत्त्यावर गाडी घ्यावी, असेही घरात चालले आहे.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : दोन्ही एकाच गाडीत मिळणार नाहीत. होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती १२६ पीएसची असून तिचे प्रमाणित मायलेज लिटरला २७ किलोमीटरांच्या आसपास आहे. बहुतेक वेळ तिची चाके मोटर फिरवते आणि इंजिन वीज तयार करते. त्यामुळे शहरात ती चटपटीत वाटते, पण महामार्गावर पाय पूर्ण दाबला की इंजिनाचा आवाज वेगाच्या पुढे धावतो. डिकीही ३०६ लिटरचीच उरते, हे लग्नसराईत लक्षात येईल. दमच हवा असेल तर फोक्सवॅगन व्हर्टसची दीड लिटर टर्बो, १५० पीएसची, चालवून पाहा. चाके फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, दोन्हींचा जवळजवळ सारखा असूनही स्वभाव किती वेगळा असतो, ते वंटमुरीच्या चढावर कळेल.

दोन्हींचा मेळ घालणारी गाडी या किमतीत न येण्याचे मुख्य कारण कर आहे. सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतरही चार मीटरहून लांब हायब्रिड सेडानवर पेट्रोल गाडीइतकाच ४० टक्के जीएसटी लागतो, तर विजेच्या गाडीवर ५ टक्के. इतका फरक असताना स्वस्त वेगवान हायब्रिडवर कोणती कंपनी पैसा घालील?

कोल्हापूरच्या पत्त्याचा विचार सोडून द्यावा. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीवर कर्नाटकात १८ टक्के आणि महाराष्ट्रात १३ टक्के रस्ता कर आहे, हे खरे. परंतु मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीची तेथे नवी नोंदणी करावी लागते. एमएच-०९ ची पाटी लावून रोज निपाणीत फिरणाऱ्या गाडीला कधी तरी येथील कर भरावाच लागतो. शिवाय पत्ता खरा नसल्यास विम्याच्या दाव्याच्या वेळी अडचण येऊ शकते.

प्रश्न : आमच्या यंत्रशाळेत इंजिनाचे भाग होतात. हायब्रिड वाढल्या तर आमचे काम जाईल का?
— एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : हायब्रिडने नाही. तिच्यात ब्लॉक, क्रँकशाफ्ट, टर्बोचे कवच हे सारे राहते, उलट मोटरचे कवच आणि थंडाव्याच्या वाहिन्यांचे अॅल्युमिनियमचे काम वाढते. आपल्याकडे ओतकाम प्रामुख्याने बिडाचे (ओतीव लोखंडाचे) होत असेल, तर अॅल्युमिनियमच्या डायकास्टिंगची, म्हणजे धातूच्या साच्यात दाबाने ओतण्याच्या कामाची, चौकशी आतापासून करावी. कारण पुढे निव्वळ विजेच्या गाडीचे काम आले तरी हेच कसब लागेल.