टाकी आणि एचपी नंतर, आधी हवेचा हिशेब करा

घरच्या गॅरेजसाठी २४ लिटर टाकीचा एअर कॉम्प्रेसर पुरेल की ५० लिटरचा घ्यावा, मोटर दीड एचपीची की तीनची, असं तुम्ही विचारलंय. कामं सांगितलीत ती अशी: टायरमध्ये हवा, चाकाचे नट, धूळ उडवणं, आणि पुढेमागे जुन्या मोटरसायकलची टाकी घासून रंगवायची.

पहिल्या तीन कामांना २४ लिटर आणि दीड एचपी पुरे. घोडं अडतं ते चौथ्यापाशी.

माझंही तिथेच अडलं होतं. मी नुसता कॉम्प्रेसरच्या टाकीचा आकार बघून २४ लिटरचा ऑइल-फ्री (पंपात तेल न लागणारा) कॉम्प्रेसर घेतला. टायर, नट, सगळं झकास. मग एकदा त्याला एअर सँडर, म्हणजे हवेवर चालणारं घासायचं मशीन, लावला. अर्ध्या मिनिटात गेजचा काटा ८ बारवरून ४ वर, चकती रेंगाळायला लागली, आणि मी मशीन हातात धरून काटा वर चढायची वाट बघतोय. मिनिटभर थांबा, पुन्हा अर्धा मिनिट घासा. असं पाऊण तास केल्यावर मोटर इतकी तापली की थर्मल कटऑफने बंदच पडली. चूक मशीनची नव्हती.

टाकी म्हणजे शिल्लक, पंप म्हणजे कमाई. सँडरला सतत साधारण १० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, म्हणजे मिनिटाला २८० लिटर. माझा पंप देत होता १००. उरलेले १८० टाकीतून जाणार. २४ लिटरच्या टाकीत ८ ते ४ बारपर्यंत वापरता येणारी हवा किती? एक बार दाब उतरला की टाकीएवढी हवा बाहेर पडते, म्हणून २४ गुणिले ४, म्हणजे ९६ लिटर. झालं, अर्धा मिनिट. ५० लिटरची टाकी असती तर मिनिटभर चाललं असतं, एवढाच फरक.

म्हणून आधी तुमचं सगळ्यात खादाड अवजार कोणतं आणि त्याचा ट्रिगर सलग किती वेळ दाबून धरणार, ते ठरवा. नट सोडवायचा अर्धा इंची इम्पॅक्ट रेंच ४-५ सीएफएम खातो, पण दर नटाला दोन-चार सेकंदच, त्यामुळे टाकी सांभाळून घेते. (नट सुटत नसेल तर आधी नळी बघा. ती गुंडाळीची बारीक नळी रेंचला उपाशी मारते. आतून १० मिमीची घ्या.) सँडर, डाय ग्राइंडर आणि एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) स्प्रे गन मात्र सतत हवा ओढतात, आणि तिथे पंपच लागतो.

आता पाटीवरचे आकडे. सीएफएम वाचताना ते ९० पीएसआयला, म्हणजे साधारण ६.२ बारला, बाहेर पडणाऱ्या हवेचे आहेत का ते विचारा. बऱ्याचदा छापलेला आकडा पिस्टन किती हवा आत घेतो त्याचा असतो. छोट्या मशीनमध्ये हातात पडते ती त्याच्या दोनतृतीयांशच्या आसपास. एका एचपीमागे ३ ते ४ सीएफएम, यापेक्षा जास्त कुणी सांगत असेल तर सावध व्हा. ‘पीक एचपी’ वाचून हुरळून जाऊ नका. मोटरच्या प्लेटवरचे वॅट ७४६ ने भागा, त्याहून जास्त एचपी ती सतत देऊच शकत नाही.

जुना कॉम्प्रेसर घेणार असाल तर घड्याळ लावून बघा. बाहेर जाणारी हवा बंद ठेवा आणि काटा ६ वरून ८ बारवर जायला किती वेळ लागतो ते मोजा. ५० लिटरच्या टाकीला त्यासाठी १०० लिटर हवा लागते. एक मिनिट लागलं तर पंप साडेतीन सीएफएमचा, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

तीन एचपी घ्यायचाच असेल तर आधी वायरिंग तपासून घ्या. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. त्यात लांब, बारीक एक्स्टेंशन लावलं की ती नुसती घुरघुरते आणि जळते. लांबवायचीच तर वायर नको, हवेची नळी लांबवा.

तुमच्या कामांसाठी माझं मत: ५० लिटर, २ एचपी, बेल्टवर चालणारा, तेलाचा पंप. तो ऑइल-फ्रीपेक्षा कमी कोकलतो आणि जास्त वेळ दम धरतो. सहा-सात सीएफएम मिळतील. तेवढ्यात मोटरसायकलची टाकी रंगवायला एलव्हीएलपी (कमी हवेवर, कमी दाबावर चालणारी) गन आरामात चालते, फक्त गन घेताना तिचे सीएफएम वाचून घ्या. हवेतल्या दमटपणाचं टाकीत पाणी होतं, म्हणून गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावा, नाहीतर रंगावर फोड येतात. आणि काम संपलं की खालचा ड्रेन कॉक उघडून पाणी काढा. पहिल्यांदा काढलंत की गढूळ, तांबूस पाणी बघून दचकाल, पण टाकी आतून गंजते ती त्यामुळेच.

घासायला मात्र विजेवरचा सँडर घ्या. माझा हवेवरचा तेव्हापासून डब्यातच आहे.