शेजारी समुद्र असताना ल्युडेरिट्झला कालवा कशाला?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: नामिबियातल्या ल्युडेरिट्झला शेजारी अख्खा अटलांटिक असताना विंडसर्फर (शीड लावलेल्या फळीवरून, म्हणजे बोर्डावरून, पाणी कापणारे) वाळूत खणलेल्या चिंचोळ्या कालव्यात का धावतात, आणि खाडीत शिकणाऱ्याने त्यातून काय घ्यावं?

ल्युडेरिट्झला वाऱ्याला तोटा नाही. थंड बेंग्वेला प्रवाह आणि शेजारचं तापलेलं वाळवंट यामुळे तिथे दक्षिणेकडून जबरदस्त वारा सुटतो. पण तोच वारा उघड्या पाण्यावर लाटा उठवतो, आणि वेग मारला जातो तो तिथेच. पन्नास नॉटला, म्हणजे ताशी सुमारे 93 किलोमीटरला, बोर्डाचा फक्त मागचा थोडासा भाग पाण्याला टेकलेला असतो. तेव्हा वीतभर लाटही बोर्ड उडवते, फिनपाशी (बोर्डाखालच्या पात्यापाशी) हवा शिरते, पकड सुटते आणि बोर्डाची शेपटी बाजूला घसरते.

लाट उठायला वाऱ्याला पाण्यावरून लांबवर वाहावं लागतं. कालव्यात वारा काठ ओलांडून येतो आणि लाट धरायच्या आत समोरचा काठ गाठतो. पाण्यावर नुसत्या सुरकुत्या पडतात. शिवाय कालवा हव्या त्या दिशेने खणता येतो, वारा मागून तिरका लागेल असा. माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा फायदा हाच.

विंडसर्फिंगच्या वेगविक्रमांचे आकडे बघा. 1986 मध्ये पास्कल माकाने स्पेनच्या फुएर्तेव्हेंतुरा बेटावर सोतावेंतो किनाऱ्यावर 38.86 नॉट गाठले. 1993 मध्ये तिएरी बिएलाकने फ्रान्समध्ये सेंत-मारीच्या कालव्यात 45.34. 2015 मध्ये आंत्वान अल्बोने ल्युडेरिट्झला 53.27, म्हणजे ताशी साडेअठ्ठ्याण्णव किलोमीटरच्या वर! हा 500 मीटरचा सरासरी वेग आहे. सगळं अंतर सुमारे सव्वाअठरा सेकंदांत संपतं. साहित्यही सुधारत गेलं हे खरं, पण सपाट पाण्याशिवाय ते वापरता आलं नसतं.

आता तुमची खाडी. त्या लोकांचे अरुंद बोर्ड बघून तसला घेऊ नका; शिकताना रुंद बोर्डच हवा. वारा ज्या काठावरून येतो, त्या काठाला धरून चाला, पाणी तिथे सर्वांत शांत मिळेल. काठ मात्र बुटका, वाळूचा किंवा चिखलाचा हवा. माडांची रांग किंवा घरं असतील तर वारा झटक्याझटक्याने येतो आणि शीड हातात राहत नाही. काठावर उभं राहून पाण्याकडे बघा: सुरकुत्या सलग दिसल्या तर वारा एकसारखा आहे, गडद पट्टे धावत आले तर झटके आहेत.

ओहोटीचं विशेष सांभाळा. प्रवाह वाऱ्याच्या उलट असला की पाणी उसळतं. दोन्ही एकाच दिशेचे असले की पाणी गुळगुळीत दिसतं, पण तुम्ही नकळत खाडीच्या मुखाकडे वाहत जाता. तिथे लाटा फुटत असतात. म्हणून नवख्याने भरतीच्या शेवटच्या तासात उतरावं आणि पाणी फिरायच्या आत बाहेर यावं. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असेल तर त्या दिवशी उतरूच नये.

खाडीचं तोंड कोणत्या दिशेला आहे आणि दुपारी वारा कुठून लागतो ते कळवा, म्हणजे कोणता काठ धरायचा ते सांगतो.