शिकारीसाठी आवाजाचे यंत्र निवडताना

सावजाला जवळ ओढण्यासाठी प्राणी-पक्ष्यांचे आवाज वाजवणारे पहिले यंत्र घेताना त्यात किती आवाज साठवलेले आहेत यापेक्षा स्पीकर किती स्वच्छ वाजतो आणि रिमोट किती अंतरावरून चालतो, हे आधी पाहा; कारण कोयोटी (उत्तर अमेरिकेतला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) आवाजाच्या उगमाकडेच रोखून बघत येतो, त्यामुळे स्पीकर तुमच्यापासून ३०-४० पावले दूर ठेवलेला बरा. घायाळ सशाची किंकाळी पूर्ण आवाजात लावा, आणि ती फाटत असेल तर ते यंत्र मुळीच घेऊ नका. कावळ्यांसाठी घुबडाशी चाललेल्या भांडणाचा कलकलाट लागतो, तोही मोठ्याने. अमेरिकेत कावळ्यांच्या शिकारीचा हंगाम वर्षात १२४ दिवसांपेक्षा जास्त नसतो आणि अशा यंत्रांचे नियम राज्यागणिक बदलतात, ते खरेदीपूर्वी वाचाच. रिमोटची बटणे मात्र हातमोजे घालून दाबून पाहा.