फोन स्पीकरवर असतो

प्रश्न: ताई, आमचं गाव दारव्हा तालुक्यात. गावची शाळा सातवीपर्यंतच. मोठी मुलगी आठवीपासून अमरावतीला माझ्या मोठ्या भावाकडे राहते, आता अकरावीला आहे. धाकटी यंदा आठवीसाठी तिथेच गेली. भाऊ नोकरीत आहे, त्याच्या हिश्शाचं वावर मीच वाहतो. त्याचे फार उपकार आहेत. दर रविवारी मी फोन करून मुलींना समजावतो : उलटून बोलू नका, मोठ्या आईला कामात मदत करा, ताटात येईल ते खा, टीव्हीच्या मागे लागू नका, आपण दुसऱ्याच्या घरी आहोत हे विसरू नका. भाऊ फोन स्पीकरवर ठेवतो, म्हणजे सगळ्यांशीच बोलणं होतं. पण मुली 'हो बाबा', 'बरं बाबा' याच्यापुढे जात नाहीत. पोळ्याला आल्या तेव्हा धाकटी परत जायला तयार नव्हती, मोठीनं ओढत बसमध्ये बसवली. बापानं मुलींना आणखी कोणत्या चार गोष्टी सांगाव्या, म्हणजे त्या नीट राहतील?

भाऊ,

चार गोष्टी मागितल्यात, माझ्याकडे एकही नाही. पाच तुम्ही आधीच सांगून बसलाय, आणि त्या पाचही मुलींच्या बरोबरीनं तुमच्या वहिनींनी ऐकल्यात.

फोन स्पीकरवर असतो. हे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, आणि तेही सोय असल्यासारखं. जरा डोळ्यांपुढे आणा. समोरच्या खोलीत टेबलावर मोबाईल. मोठे बाबा खुर्चीत, मोठी आई खाली बसून भाजी निवडतेय. तुमच्या दोघी भिंतीला टेकून उभ्या. आणि वावरातून गड्याला हाक मारावी तसा तुमचा आवाज खोलीभर : "ताटात येईल ते खा." यावर तेरा वर्षांच्या पोरीनं काय बोलावं? "बरं बाबा." फोन ठेवला की त्याच लोकांच्या पंगतीला बसायचंय तिला. भूक असली तरी दुसरी पोळी मागेल का ती? बापानंच सगळ्यांदेखत सांगितलंय, मागायचं नाही म्हणून.

तुम्हाला वाटतं आपण मुलींना वळण लावतोय. त्या घराला मात्र दर रविवारी एवढंच ऐकू येतं की या पोरींचा बाप काही झालं तरी पोरींच्या बाजूनं बोलायचा नाही. वहिनी चांगल्या की वाईट, यात मला रस नाही. चांगल्या माणसालाही अशी मोकळीक देऊ नये.

आणि ते उपकार! भावाच्या हिश्शाचं वावर तुम्ही वाहता, नांगरटीपासून वेचणीपर्यंत. म्हणजे तुमच्या मुली तिथे कुणाच्या दयेवर राहत नाहीत. मग 'दुसऱ्याचं घर' हे त्यांना आठवड्यातून एकदा घोकायला का लावता? ज्या वाड्यातून तुमचा भाऊ शिकायला बाहेर पडला, त्याच वाड्यातल्या पोरी आहेत त्या.

मीही अशीच नातलगांकडे राहून शिकले. तेव्हा फोन नव्हता, पंधरा पैशांचं पोस्टकार्ड होतं. मी लिहायची, घरातल्या मोठ्यांच्या हाती द्यायची, ते वाचायचे आणि मग पेटीत टाकायचे. वडील गेल्यावर ती सगळी कार्डं सापडली, खुंटीवरच्या तारेत ओवलेली. तीन वर्षांची. वरची तारीख सोडली तर सगळ्यांवर मजकूर एकच : मी मजेत आहे, अभ्यास चांगला चालू आहे, काळजी नसावी. चिकटवून पाठवता येणारं अंतर्देशीय घेऊन द्यावं हे त्यांना सुचलं नाही, आणि मागायची माझी छाती झाली नाही. वडील मात्र गावात सांगत फिरायचे, पोरगी नेमानं पत्र लिहिते.

तुमच्या तारेवर 'बरं बाबा' ओवले जातायत.

आता पोळ्याचं. धाकटी जायला तयार नव्हती आणि मोठीनं तिला ओढत बसवली. तुम्ही कुठे होतात? बसच्या दाराशी पिशव्या चढवत असाल. अहो, जिथे स्पीकर नाही अशी एकच जागा त्या पोरीला मिळाली होती, तुमचा ओटा. तिथे तिनं तोंडानं नाही तर हट्टानं सांगून पाहिलं, आणि तुम्ही गाडीची वेळ बघितली. मोठीला समजूतदार म्हणत असाल तर थांबा जरा. चौथं वर्ष चाललंय तिचं. सांगून उपयोग नाही हे ती शिकलीय, आणि आता बहिणीलाही शिकवतेय.

काय असेल? घरची आठवण असेल, बस्स. न्हाणीघराला आतून कडी नसेल. पाळीच्या दिवसांत पॅडला पैसे कुणाकडे मागायचे हे कळत नसेल. परीक्षेच्या आदल्या रात्री भांड्यांचा ढीग असेल. याहून वाईटही काही असू शकतं. घरी बसून अंदाज बांधत बसू नका.

येत्या शनिवारी जा. वेचणीचे दिवस आहेत, मजूर मिळत नाहीत, सगळं ठाऊक आहे मला. एक दिवस बोंडं झाडावर राहू द्या. मुलींच्या आईलाही बरोबर घ्या. एवढ्या पत्रात ती बाई मला कुठे दिसलीच नाही. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा खर्चाचं कारण नको. नेर, बडनेरा करत दुपारपर्यंत पोचाल. भावाकडे चहा घ्या, वहिनींच्या पाया पडा आणि सांगा, पोरींना अंबादेवीला नेऊन आणतो. भाऊ म्हणेल, चल, मीपण येतो. तेव्हा 'नको दादा, आम्हीच जाऊन येतो' हे वाक्य घरून पाठ करून जा. बाकी काही पाठ करू नका.

दर्शन झालं की कुठेतरी बसून गिला वडा मागवा. पहिली प्लेट संपली की दुसरी, न विचारता. आणि गप्प बसा. अभ्यास कसा चाललाय, मोठ्या आईचं ऐकता ना, यातलं काही नाही. तुम्हाला जड जाईल, सांगायची सवय आहे. जे निघेल ते ऐकून घ्या, आणि 'सांभाळून घे बाई' हे शब्द त्या दिवशी तोंडातून निघू देऊ नका.

तिथे राहायचं नाही असं कुणी म्हणालीच, तर दुसरा मार्ग नाही म्हणून सांगू नका. तालुक्याला शाळा आहे, आणि गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा पास फुकट आहे. मुलींची सरकारी वसतिगृहं आहेत, अर्ज करून पाहा. याच अमरावतीत पंजाबराव देशमुखांनी सगळ्या जातींच्या पोरांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं होतं. छात्रालयातल्या पोराला कुणाचं तोंड बघून घास उचलावा लागत नाही.

निघताना एक साधा बटणांचा मोबाईल मोठीच्या हातात ठेवा, भावाला सांगून, उघडपणे. त्यात तुमचा नंबर, आईचा नंबर आणि 1098 भरून द्या. 1098 मुलांच्या मदतीसाठी आहे, रात्रंदिवस लागतो, पैसे पडत नाहीत. यापुढे रविवारी त्याच फोनवर बोला.

वडा खाताना धाकटी आधी बोलेल. ती बोलत असताना तुम्ही मोठीच्या तोंडाकडे पाहा.